पितळेच्या दोन कड्या

आमच्या घरात एक माणूस वर्षभर एकटा जेवला. घर भरलेलं, टेबलाशी त्याची खुर्ची मांडलेली, आणि तो मात्र आपल्या खोलीत दार लावून. हा माणूस म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात, चर्चमध्येसुद्धा. मी त्यांना बाबा म्हणते. ते ऐकत नाहीत तेव्हाही बाबाच म्हणते, फक्त जरा मोठ्याने.

हे सुरू झालं गेल्या वर्षीच्या नाताळला. बाबांच्या हातांना कंप सुटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे जाणार नाही असंही स्पष्ट सांगून टाकलं. वर्षभरात दुकान बंद झालं. बाबांनी तेही निमूट सोसलं. पण नाताळच्या सकाळी ते प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे गेले, वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकले आणि भाकरीचा तुकडा कसाबसा तोंडात घातला. आमच्याकडे तबकातून छोटे काचेचे प्याले देतात, औषधाच्या मापाएवढे, आणि ज्याचा त्याने आपल्या हाताने उचलून प्यायचा. बाबांचा प्याला ओठांपर्यंत पोचलाच नाही. कठड्यावरच्या पांढऱ्या कापडावर सगळा द्राक्षारस सांडला. मागे कुणीतरी जोरात श्वास घेतला, एवढंच. बाबा उठले आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

कापड धुवायला माझ्याकडेच आलं. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते आणि डाग काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कापड लख्ख झालं. ते मी बाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून इंच न् इंच तपासलं आणि घडी माझ्या हातात परत दिली.

“प्रभूचं रक्त आहे ते, सूनबाई. चहा नाही, सांडला म्हणून पुसून टाकायला.”

मी ती घडी तशीच चर्चमध्ये पोचवून आले.

त्यानंतर बाबांनी एकही रविवार चुकवला नाही, पण ते बसायचे शेवटच्या बाकावर. पुढे जायची वेळ आली की अख्खं चर्च उठायचं आणि ते मान खाली घालून तिथेच. घरी चमचा धड धरता येत नाही म्हणून ताट खोलीत. आतून चमचा ताटावर वाजल्याचा आवाज यायचा आणि आम्ही बाहेर तो ऐकू न आल्यासारखं जेवायचो. आमचे हे बस चालवतात, रस्त्यावर कुणाला ऐकत नाहीत, पण वडिलांपुढे भिजलेलं मांजर. बोलायचं ते मलाच.

पाळकसाहेब एकदा मुद्दाम घरी आले. तुम्ही फक्त पुढे या, प्याला मी तुमच्या ओठांना लावतो, असं त्यांनी फार प्रेमाने सांगितलं. बाबा ताठ बसून म्हणाले, “मी काय तान्हं मूल आहे?” पाळकसाहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि हवापाण्याचं बोलून निघून गेले.

मला राग आला. त्यांच्या मनात देवाबद्दल केवढा आदर आहे हे मला दिसत होतं, आंधळी नाही मी. पण त्या आदरात कारागिराचा ताठाही मिसळला होता. चाळीस वर्षं ज्याच्या चिमट्यातून स्क्रू कधी निसटला नाही, त्याला देवासमोरसुद्धा काम चोख झालेलंच हवं होतं. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोन वर्षं झाकून ठेवलेल्या कामाच्या टेबलावरचं कापड काढलं.

“येत्या नाताळला मी पुढे जाणार,” ते म्हणाले. “आणि एक थेंब सांडणार नाही.”

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असेल. बाबांनी करायला घेतल्या पितळेच्या दोन कड्या, एकीच्या आत दुसरी, आतली कडी दोन बारीक खिळ्यांवर मोकळी हलणारी. बाहेरच्या कडीला मूठ. आतल्या कडीत प्याला बसवायचा. हात कितीही हलला तरी प्याला सरळच राहणार, अशी ती युक्ती. पण हाताचा कंप थांबवायची वस्तू त्याच कापऱ्या हातांनी करायची होती. दिवसातून वीस वेळा खिळा खाली पडायचा. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरायचे, खिळा शोधून वर ठेवायचे. त्याउपर मदत केलेली त्यांना चालत नव्हती. एक कडी वाकडी झाली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांची कामाची रीत ठरलेली. दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवायची, श्वास रोखायचा, आणि जे काय करायचं ते श्वास सोडायच्या आत. घड्याळाची केसासारखी स्प्रिंग अशीच बसवतात म्हणे. तसं केलं की त्यांचा कंप काही क्षण खरंच ओसरायचा.

डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी मला हाक मारली. मी चर्चमधून मापाला आणलेला प्याला कडीत बसवला होता, काठोकाठ पाणी भरलेला. बाबांनी कोपरं रोवली, श्वास रोखला आणि प्याला ओठांना लावला. खाली पसरलेला रुमाल कोरडा. असं लागोपाठ दहा वेळा. मी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न पाहिलेलं हसू होतं, आणि आम्हा दोघांच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही.

ती गोष्ट मला कळली नाताळच्या सकाळी, कठड्यापाशी गुडघे टेकल्यावर. बाबांच्या अंगावर मी कडक इस्त्री केलेला कोट होता, खिशात रुमालात गुंडाळलेल्या कड्या. ते मध्ये, डावीकडे मी, उजवीकडे हे. आमच्या चर्चचा कठडा बुटका आणि जेमतेम चार बोटं रुंद. गुडघ्यांवर बसलं की तो पोटाशी येतो, कोपरं टेकायला जागाच नाही. एवढी तयारी झाली ती सगळी टेबलापाशी, खुर्चीत बसून. गुडघे टेकून एकदाही करून पाहिलं नव्हतं. घड्याळजीला आपल्या टेबलाबाहेरचं जग सुचलंच नव्हतं, आणि मला सुचायला हवं होतं.

भाकर झाली. पाळकसाहेब तबक घेऊन बाबांसमोर आले. बाबांनी कड्या काढल्या. पाळकसाहेबांनी काही न विचारता प्याला त्यात बसवून दिला. बाबांनी श्वास रोखला आणि हात उचलला. हात अधांतरी होता, त्यामुळे नुसता कापत नव्हता, डोलत होता, आणि त्याच्याबरोबर कड्याही डोलायला लागल्या. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हटले आणि आमेनसाठी थांबले. आमेन म्हणायचं तर श्वास सोडायला हवा. बाबांचा चेहरा लाल झाला. मागे रांग थांबलेली. दोन थेंब उडाले आणि पांढऱ्या कापडावर पडले.

आता ते उठणार, हे मी ओळखलं. मी खालून त्यांच्या कोटाचं टोक मुठीत धरलं. चर्च असो की काय असो, या वेळी मी सोडणार नव्हते.

बाबा त्या दोन थेंबांकडे पाहत राहिले. मग त्यांनी रोखलेला श्वास सोडला. कड्या प्याल्यासकट तबकात टेकवल्या. दोन्ही हात कठड्यावर ठेवले, तळवे वर करून, आणि ते कापत राहिले तरी लपवले नाहीत. वर्षभर ते हात खिशात असायचे.

“आमेन,” बाबा म्हणाले, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्याने. आणि मग हळूच, “साहेब, तुम्ही पाजा.”

पाळकसाहेब खाली वाकले. एक हात त्यांनी बाबांच्या हनुवटीखाली धरला आणि दुसऱ्या हाताने प्याला ओठांना लावला. बाबांनी डोळे मिटून तो प्यायला. मग त्यांनी कपाळ कठड्याला टेकवलं, अगदी त्या थेंबांच्या शेजारी, आणि बराच वेळ वर केलं नाही. इतक्या आदराने वाकलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते, घड्याळाचं पोट उघडताना ते वाकायचे तेव्हाही नाही. मी रडले. पदराने पुसत बसले नाही, सरळ रडले.

घरी आल्यावर मी सवयीने त्यांचं ताट खोलीकडे न्यायला उचललं. वळून पाहते तर बाबा टेबलाशी आपल्या खुर्चीत बसलेले, अंगात अजून कोट. ह्यांचा चमचा तोंडापर्यंत जाता जाता थांबला. मी ताट पुढ्यात ठेवलं, वाटीत गरम सूप वाढलं. बाबांनी आपला चमचा माझ्याकडे सरकवला.

“तू भरव.”

जिभेची सवय जात नाही. मी म्हटलं, “का? तान्हं मूल आहात?”

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला तपासायला घेतलेल्या घड्याळासारखं नीट निरखलं.

“देव आला तो तान्हा होऊनच आला ना, सूनबाई. आईने पाजलं तेव्हा प्यायला. स्वतःची मानसुद्धा त्याला धरता येत नव्हती. आणि मी त्याच्याकडे जायला हात स्थिर व्हायची वाट बघत बसलो होतो.”

मी चमचा भरला. माझाच हात हलला आणि पहिल्याच घासाला सूप त्यांच्या कोटावर सांडलं, मी सकाळी खपून इस्त्री केलेल्या. बाबांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.