सात पानी सूचना आणि अकरा सुऱ्या

सुन्निवाचं लग्न क्रीटला ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मी पाहुण्यांसाठी सूचना लिहायला बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेवीस माणसं उत्तरेच्या थंडीतल्या वोसच्या डोंगरातून उठून ग्रीसला जाणार, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि कारभार माझ्या भावाच्या, म्हणजे नवरीच्या बापाच्या हातात. या गाउतेला स्वतःच्या गाडीची किल्ली रोज सकाळी बायको शोधून देते. कुणीतरी शुद्धीवर राहायला हवं होतं.

सूचनांची सात पानं झाली. पासपोर्टची मुदत आजच बघा, उद्या नाही. तिथली वाळू भाजते, समुद्रावर चपला घाला. दुपारी दोन ते पाच गाव झोपलेलं असतं, दुकानं शोधत हिंडू नका. लग्न सहाला म्हणतील आणि सातला लागेल. आपण सहालाच हजर असू, पण तोंड वाकडं करायचं नाही. जेवताना ज्याला भाषण करायचंय त्याने आधी माझ्याकडे नाव द्यावं, भाषण तीन मिनिटांचं, आणि सुन्निवा लहानपणी अंथरूण ओलं करायची ही गोष्ट कुणीही सांगायची नाही. गाउते, हे तुला. आपलं तपकिरी चीज हातातल्या पिशवीत घेऊ नका. विमानतळावर ते पातळ पदार्थांत धरतात आणि काढून घेतात.

आणि चौथ्या पानावर, जाड अक्षरांत: बुनाड कुणीही मोठ्या सामानात द्यायचा नाही. अंगाखांद्यावर न्या, मांडीवर घेऊन बसा, पण हातातून सोडू नका.

बुनाड हा आमचा सणाचा पोशाख. जाड लोकर, भरतकाम, चांदीची बटणं, आणि पुरुषांच्या कमरेला म्यानात सुरी. एकेक शिवायला वर्ष जातं. बॅग हरवली तर जी भरपाई मिळते तिच्यात एक बाहीसुद्धा होणार नाही.

"तीस डिग्रीत लोकर घालायची?" गाउतेने फोनवर विचारलं.

"तुझ्या लेकीची इच्छा आहे."

"आम्ही वितळलो तर?"

"वितळण्याबद्दल सहाव्या पानावर आहे. वाचलंस तर कळेल."

गंमत चालली होती, पण माझा खरा जीव अडकला होता बाबांमध्ये. बाबांचं नाव ऑडवार, वय त्र्याऐंशी, विमानात कधी पाय ठेवलेला नाही. आमच्याकडे थोरल्या नातवंडाच्या लग्नात आजोबा आपली सुरी त्याला देतात, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, दोन शब्द बोलून. बाबांना ती त्यांच्या आजोबांनी दिली होती. पातं त्या आजोबांनी स्वतः घडवलेलं. सुन्निवा थोरली. आणि सुन्निवा आता तिकडेच राहणार होती, नवऱ्याच्या, मानूसोसच्या गावात, समुद्राकाठी. ती फारशी परत येणार नाही हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा मी बाबांकडे गेले तर ते मेंढ्यांच्या गोठ्यात भाषण पाठ करत होते. "सुन्निवा, ही घे. ही जवळ असली की घर जवळ असेल." एवढंच. मग खाकरून पुन्हा पहिल्यापासून. आई गेली तेव्हासुद्धा या माणसाच्या तोंडून सलग दोन वाक्यं निघाली नव्हती. मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि अंगणात उभी राहून रडले. घरी आल्यावर भाषणांच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

मे महिन्याच्या अखेरीस, लग्नाच्या आदल्या दिवशी, आम्ही भल्या पहाटे निघालो. शेजारच्या स्टाइनारची बस केली होती. बर्गनच्या विमानतळावर मोठं सामान देऊन तपासणीच्या रांगेत लागलो तेव्हा तेवीस जणांच्या खांद्यावर तेवीस लांब काळ्या पिशव्या होत्या. एकानेही बुनाड मोठ्या सामानात दिला नव्हता. चीज मात्र सगळ्यांनी दिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी रांगेतच सगळ्यांना शाबासकी दिली.

तपासणीच्या यंत्रात पहिली पिशवी गाउतेची गेली आणि पट्टा थांबला. तपासणीला एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती.

"बुनाड?" तिने विचारलं.

"हो."

"सुरी काढून ठेवलीत?"

गाउतेने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मागच्या दहा पुरुषांनीही पाहिलं.

"चीजचा विचार केलास, ताई," गाउते म्हणाला. "सात पानं लिहिलीस, चीजचा विचार केलास."

बाईने बाकीच्या पिशव्या उघडल्या. "मे महिन्यात, सणाच्या दिवसांत, रोज एखादी सापडते," ती म्हणाली. "अकरा एकदम पहिल्यांदाच. एवढं लांब पातं आत नेता येणार नाही हो. बाहेर जाऊन सामानात द्या. पण तुमच्या विमानाचा काउंटर नऊ मिनिटांत बंद होतोय."

बाबा बाकावर बसले. तपासणीसाठी काढलेला एक बूट त्यांच्या हातात होता. "मग मीही येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "सुरीशिवाय तिथे जाऊन मी काय करू?"

"द्या इकडे," मी म्हटलं. "सगळ्यांनी द्या. चूक माझी आहे."

माझ्या कापडी पिशवीत मी अकरा सुऱ्या घातल्या, भोवती स्वेटर गुंडाळला. म्यानं ज्याची त्याच्याकडे राहिली. बाबांनी आपली सुरी शेवटी दिली आणि हात लगेच मागे घेतला नाही.

"तुम्ही बूट घाला आणि पुढे व्हा. मी ही सामानात देऊन येतेच."

"नक्की?"

"मी कधी काही विसरते का, बाबा?"

गाउतेने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. तपासणीच्या बाईने मला बाजूच्या दारातून स्वतः बाहेर काढलं आणि मी पळत सुटले. वय अठ्ठावन्न, गुडघा डावा दुखरा, पण त्या दिवशी मला गुडघा नव्हताच.

काउंटरवरची मुलगी दिवा मालवत होती. "आत्ताच बंद झालं," ती म्हणाली.

"अकरा सुऱ्या आहेत. बुनाडच्या."

"अरे देवा." तिला खरंच वाईट वाटलं. "पण सामानाची गाडी निघाली. आता माझ्या हातात काही नाही."

मी गाउतेला फोन लावला आणि बाबांना द्यायला सांगितलं. "बाबा, काउंटर बंद झाला. मी मागे थांबते. दुसरं विमान बघते, कुठूनही येईन, उद्या संध्याकाळपर्यंत सुरी तुमच्या हातात देते."

"मिळेल दुसरं?"

"माहीत नाही."

मग बाबा म्हणाले, "म्हणजे कदाचित सुरीही नाही आणि तूही नाहीस. नको. सुरी ठेव. तू ये."

"पण बाबा, तुमचं भाषण..."

"तुला काय माहीत माझं भाषण?"

मी पिशवी काखेत मारली.

"हाल्दिस," ते म्हणाले, "पळ."

बाहेर स्टाइनार अजून बसमध्ये थर्मासमधली कॉफी पीत बसला होता. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"काय आहे?"

"अकरा सुऱ्या."

त्याने स्वेटर बाजूला करून पाहिलं. "लग्नालाच चाललाय ना तुम्ही?"

"बाबांच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेव. किल्ली पायरीखाली आहे."

परत आत आले तर तपासणीला ही मोठी रांग. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली. माफ करा, माफ करा म्हणत थेट पुढे गेले, आणि लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कुणाची पर्स मारलीय. विमानाच्या दारात पोचले तेव्हा बाबा अगदी उंबऱ्यावर वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि दोन कर्मचारी डोक्याशी उभे होते.

"तिसऱ्यांदा बांधतायत," गाउते आतून म्हणाला. "बस आता, ताई. बाबा, झाली नाडी."

आकाशात गेल्यावर बाबा बर्फाचे डोंगर संपेपर्यंत खिडकीला नाक लावून बसले. मग म्हणाले, "एवढं उंच असेल असं वाटलं नव्हतं. बरं आहे." मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी लग्न साडेसातला लागलं. आम्ही सहालाच लोकरीत उभे होतो, भट्टीतल्या पावांसारखे, आणि आनंदात होतो. अख्खं गाव आमच्या चांदीच्या बटणांना हात लावून बघत होतं. मानूसोसचे वडील, स्त्रातिस, म्यानांपाशी येऊन थांबले. अकरा पुरुष, अकरा म्यानं, सगळी रिकामी. ते घरात गेले आणि हातात पांढऱ्या मुठीची सुरी घेऊन आले. क्रीटमध्येही लग्नाच्या पोशाखात कमरेला सुरी लागते. त्यांनी ती बाबांपुढे धरली.

सुन्निवाने सांगितलं, "आजोबा, ते म्हणतायत, लग्नात म्यान रिकामं बरं दिसत नाही. ही घाला."

बाबांनी स्त्रातिसच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग त्यांना, सुरी फार सुंदर आहे. पण हे रिकामंच राहू दे."

जेवणाला मी यादीतलं पहिलं नाव वाचलं. बाबा उठले. मला त्यांच्याकडे बघवेना. सगळा हिवाळा पाठ केलेलं ते भाषण माझ्या सात पानांनी बुडवलं होतं, आणि तो माणूस आता सत्तर लोकांसमोर रिकाम्या हातांनी उभा होता.

ते खाकरले. मग कमरेचं म्यान सोडवून त्यांनी सुन्निवापुढे ठेवलं.

"सुन्निवा, मी जे पाठ केलं होतं ते आता चालणार नाही," ते म्हणाले. "सुरी माझ्या टेबलावर आहे, वोसला. मी ती पोस्टाने पाठवणार नाही. कुणाच्या हातीही देणार नाही. हे म्यान घे, आणि सुरी न्यायला तू ये."

आणि बसले. सुन्निवाने म्यान दोन्ही हातांत धरलं होतं आणि ती हुंदके देत होती. मानूसोस तिच्या कानाशी लागून आजोबा काय म्हणाले ते विचारत होता. तिने सांगितल्यावर त्यानेही म्यानावर हात ठेवला.

"कधी येऊ, आजोबा?" तिने विचारलं.

बाबांनी काटा उचलला होता, तो परत खाली ठेवला. "मेंढ्या डोंगरावर न्यायच्या आधी," ते म्हणाले. "दोघं या. हात कमी पडतात."