दिव्याखालची जागा

सकाळच्या भरतीला, बुरुजावरचा दिवा विझवायच्या सुमारास, साल्मेचं जहाज तोर्वेल बंदराच्या तोंडाशी थांबलं. जहाजावरची हादार किनाऱ्याची माणसं कमरेला दोर बांधून एकेक करून पाण्यात सोडण्यात आली आणि तशीच एकेक करून वर ओढण्यात आली. बंदरपंच धक्क्यावर साक्षीला उभे होते. एक बाई दोराला लोंबकळत वर येत होती. तिचे पाय फळीला लागायच्या आत धक्क्यावरून खणखणीत हाक आली, "मिरुने!"

बाईने मान वळवली आणि ओरडून काहीतरी उत्तर दिलं.

हाक मारली होती ओर्वेनाने. ओर्वेना साल्मेची सख्खी थोरली बहीण.

वेसमारच्या साम्राज्यात जमिनीवर माणूस विकत घेता येत नाही. तसा कायदा आहे आणि लोकांना त्याचा अभिमानही आहे. मात्र समुद्रातून ओढून काढलेला माणूस, ज्याला कुणी नावाने हाक मारत नाही, तो लाटेचा. ज्या जहाजाने त्याला ओढलं त्याने त्याला जेवू घालायचं आणि त्या माणसाने एक हंगाम त्या जहाजावर राबायचं. ओर्वेनाच्या लहानपणी असा एखादा माणूस कधीमधी यायचा, फुटलेल्या गलबताच्या फळीला धरून. बायका त्याच्यासाठी वाफाळतं कालवण घेऊन धावायच्या.

पुढे दक्षिणेच्या बेटांवर मिठागरं निघाली. तिथे हात कमी पडू लागले. एका हंगामाचे सात झाले, साताचा अख्खा जन्म झाला. हादारच्या टोळ्यांमध्ये लढाई पेटली, तिथे कैदी मिळू लागले. ते गुपचूप घ्यायचे, घरच्या बंदराशी आणायचे, पाण्यात बुचकळायचे आणि पंचांसमोर वर ओढायचे. पंच हात लावून बघायचे आणि म्हणायचे, "ओले आहेत. लाटेचे आहेत." मासे धरणारी अर्धी जहाजं बघता बघता या धंद्याला लागली. साल्मेचं सगळ्यात आधी लागलं.

ओर्वेनाला कैद्यांचं काही वाटत नव्हतं, असं म्हणणं जरा कठोर होईल. पण तिची झोप उडाली होती ती त्यांच्यामुळे नव्हे. साल्मेच्या खिडकीला निळे पडदे लागले, त्यामुळे. साल्मे रस्त्याने जाताना कोळणी बाजूला सरकून वाट द्यायला लागल्या, त्यामुळे. आईचा शिंपल्यांचा कंगवा आईने मरताना धाकटीला दिला होता. तो डोक्यात खोवून साल्मे सणाला आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तू बस ना इकडे. नको, तिकडेच बस, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तुझ्या अंगाला बांगड्याचा वास येतो गं अजून."

सगळे हसले. ओर्वेनाही हसली. घरी येऊन तिने हात रेतीने घासले, पार साल निघेपर्यंत.

आता राहिली होती फक्त दिव्याखालची जागा. बुरुजाच्या पायाशी जहाज बांधायचा मान. ज्या घराने वर्षभरात समुद्रातून सगळ्यात जास्त काढलं, त्या घराला तो मिळतो. बाबांनी तो माशांवर मिळवला, त्यांच्यानंतर ओर्वेनाने राखला. यंदापासून पंचांनी माणसंही मोजणीत धरली. साल्मेचं हे जहाज मोजणीत आलं असतं, तर ओर्वेनाचं जुनं गलबत बंदराच्या गाळात, मेलेल्या खेकड्यांच्या शेजारी जाऊन बांधावं लागलं असतं. पण हाकेला ओ मिळाली, की त्या फेरीची सगळीच मोजणी बाद होते. हा जुना नियम लोक विसरले होते, ओर्वेना विसरली नव्हती.

लोक विसरले होते, त्यालाही कारण होतं. हाक मारणाऱ्याच्या घरात त्या माणसाला वाटा द्यावा लागतो, पोटच्या लेकरासारखा. परक्यासाठी एवढं कोण करतो?

साल्मे होडीतून उतरली ती थेट बहिणीच्या अंगावर आली.

"कोण लागते ही तुझी?"

"मिरुने. हाक मारली, तिने ओ दिली. सगळ्या बंदराने ऐकलं."

"मिरुने आपल्या आईचं नाव होतं!"

"मग? तुझ्याकडे कंगवा आहे, माझ्याकडे नाव असू दे."

"म्हणजे मी आता या ओल्या बाईला आई म्हणू?"

"म्हण की. पाया पड. तेवढं वाकायची सवय राहिली असेल तर."

मागे कोळणी फिदीफिदी हसल्या. साल्मेचा चेहरा लाल झाला. "जळतेस तू, ताई. नुसती जळतेस. एवढाच कळवळा येतो तुला, तर बाकीच्यांना का नाही हाक मारलीस? त्यांना नावं सुचली नाहीत?"

ओर्वेनाने जहाजाकडे पाहिलं. कठड्याशी भिजलेली माणसं कुडकुडत उभी होती, तीही इकडेच पाहत होती. ओर्वेनाचं एका हाकेत काम झालं होतं.

मोजणी बाद झाली. जागा ओर्वेनाकडे राहिली. बाकीची माणसं त्याच संध्याकाळी मिठागरांच्या होड्यांत चढवली गेली. मोजणी बाद झाल्याने त्यांना काही फरक पडला नाही.

मिरुने घरात आली. दुसरं नाव असेलच तिला, पण तिने ते सांगितलं नाही. ती जाळी विणायला शिकली, भाषाही भराभर शिकली. ओर्वेनाचा नवरा बोदेक घरी असला की तिला शब्द शिकवायचा आणि तिच्या चुकांवर दोघंही हसायची. ओर्वेनाला तेही खुपायचं. या घरात तिच्यासोबत कुणी असं खळखळून हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

एकदा मासे साफ करताना ओर्वेनाने विचारलं, "त्या दिवशी तू ओरडून काय म्हणालीस गं?"

"शिवी दिली."

"काय?"

"मला वाटलं, तू मला शिवी दिलीस. म्हणून मी तुझ्या आईवरून दिली."

बोदेक हसता हसता खाली बसला. ओर्वेनालाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर मिरुने सुरी खाली ठेवून म्हणाली, "माझ्या मागे माझा दीर होता दोराला. त्याला का नाही हाक मारलीस?"

"मला काय माहीत, कोण तुझा दीर."

"माहीत नव्हतं म्हणून?"

ओर्वेना पाणी आणायच्या निमित्ताने उठली.

एवढ्यावर थांबली असती तर गोष्ट निराळी. पण महिन्याभरात बातमी आली, की साल्मेने दुसरं जहाज बांधायला टाकलं आहे, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, सोनेरी रंगाचं. ओर्वेना ते बघायला गेली नाही. दोनदा वाट वाकडी करून बांधणीच्या आवारावरून तेवढी गेली. त्या रात्री तिने बोदेकला सांगितलं, "पुढच्या वाऱ्याला तू हादारला जा."

"मासे तिकडे नाहीत."

"मला ठाऊक आहे तिकडे काय आहे."

बोदेकने दाराकडे पाहिलं. बाहेर मिरुने जाळं गुंडाळत होती. "अगं, हिला काय सांगू?"

"मीठमासळी घेऊन जातोय, असं सांग."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर बघू. का, तुला गाळात जहाज बांधायचंय? साल्मेचा नवरा वरून पानाची पिंक टाकेल तुझ्या टोपीवर, चालेल?"

बोदेक गेला.

तो गेल्यावर साल्मेचं जहाज दोनदा येऊन गेलं. त्या दोन्ही वेळी दोरावरून वर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात कापडाचा बोळा होता आणि वरून पट्टी आवळलेली होती. पाणी नाकातोंडात जाऊ नये म्हणून, असं साल्मेने पंचांना सांगितलं. पंचांनी मान डोलावली. हादारला जाणाऱ्या इतर जहाजांनीही तेच सुरू केलं. ओर्वेनाच्या एका हाकेतून बंदर हेच शिकलं होतं.

दुसऱ्या खेपेला मिरुने धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. घरची झाल्यामुळे हाक मारायचा हक्क आता तिलाही होता. ती एकाला हाक मारून थांबली नाही. जो जो वर आला त्याला तिने हादारच्या भाषेत नाव घेऊन हाक मारली. कुणाचं खरं नाव, कुणाचं अंदाजाने घेतलेलं. आवाज बसेपर्यंत ती मारत राहिली. ओर्वेना खालच्या पायरीवर उभी राहून हिशेब करू लागली, की इतक्या जणांचा वाटा घरातून गेला तर चूलसुद्धा राहणार नाही. त्यात स्वतःचीच तिला चीड आली, आणि ती चीडही तिने साल्मेवर काढली, मनातल्या मनात.

बोळ्यांतून ओ येणार कशी? पण एका उंच माणसाने दोराला लटकलेलं असताना बांधलेले दोन्ही हात डोक्यावर उचलले.

"ओ दिली!" मिरुने ओरडली.

"हात वर केला," साल्मे म्हणाली. "हाताने ओ देतात का?"

प्रकरण पंचांपुढे गेलं. ते आज सकाळी बुरुजाखाली बसले. म्हातारे पंच ग्रुमाल म्हणाले, की हाताची ओ पूर्वी कधी धरली गेली असेल, तर आताही धरावी लागेल. मग बोळ्यांचा उपयोग नाही. पण तसं घडलेलं कुणी पाहिलंय का?

पाहिलेली दोनच माणसं जिवंत आहेत. बाबांच्या गलबताने एकदा दोर वळणाऱ्या एका मुक्या माणसाला पाण्यातून ओढलं होतं. त्याच्या बायकोने धक्क्यावरून हाक मारली, त्याने हात वर केला आणि बाबांनी दोर सोडून त्याला तिच्या स्वाधीन केलं. दोन्ही बहिणी तेव्हा नाळेवर पाय सोडून बसल्या होत्या. धाकटीने टाळ्या वाजवल्या होत्या.

"मला काही आठवत नाही," साल्मे पंचांना म्हणाली. "मी लहान होते."

मग ती ओर्वेनाच्या शेजारी येऊन बसली. कित्येक वर्षांत ती एवढी जवळ बसली नव्हती. केसांतला कंगवा काढून तिने मांडीवर ठेवला. हळूच म्हणाली, "ताई, भाऊजींचं जहाज आलंय. बुरुजाच्या दिव्यापलीकडे नांगर टाकून उभं आहे. माझ्या माणसांनी बघितलं. तुम्ही आणलेल्या माणसांच्याही तोंडाला पट्ट्या आहेत." आणि पुढे विचारलं, "किती छान बांधल्यात म्हणे. कुणाकडून शिकले गं भाऊजी?"

ओर्वेनाने धक्क्याच्या टोकाकडे पाहिलं. मिरुने तिथे उभी होती, डोळ्यांवर हात धरून, बाहेर थांबलेलं जहाज कुणाचं ते ओळखायचा प्रयत्न करत. जुन्या गलबताचं शीड तिने स्वतः शिवलं होतं. ठिगळ दुरूनही दिसतं.

ग्रुमालांनी नाव पुकारलं, "ओर्वेना. तू पाहिलंस का?"

ती उभी राहिली. साल्मेने कंगवा उचलून तिच्या हातात ठेवला.

तेवढ्यात भरतीचा भोंगा झाला आणि रिवाजाप्रमाणे पंच उठले. साक्ष संध्याकाळच्या भरतीला होईल. बोदेकचं जहाज अजून दिव्यापलीकडेच आहे. त्यावरून अजून कुणालाही पाण्यात सोडलेलं नाही. कंगवा ओर्वेनाच्या हातात आहे. तो तिने परतही केलेला नाही आणि डोक्यातही खोवलेला नाही. मिरुने घरी जेवायला आली नाही.