एका कुशीवर

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. ताई माझी सख्खी थोरली बहीण आणि प्रयोगशाळेत माझी वरिष्ठही. त्यामुळे ओरडा मला दोन्ही नात्यांनी मिळायचा. तिची मुदतवाढ संपत आली होती. संचालकांना सगळे मागून ‘कुलूपकाका’ म्हणत, कारण ते ज्या खोलीत डोकावत ती लवकरच बंद होई. आमच्याकडे ते डोकावून गेले होते. ‘शुक्रवारी काहीतरी दाखवा, नाहीतर यंत्र शेजारच्यांना देतो,’ असं स्वच्छ सांगून.

बोरॉन नायट्राइडचा स्फटिक वहीसारखा असतो, पानावर पान. चिकटपट्टीनं थर काढत गेलं की शेवटी एका अणूच्या जाडीचं पान हाती येतं. एकट्या पानात विजेचा वर-खाली कल नसतो, म्हणजे एक बाजू धन आणि दुसरी ऋण असं काही नसतं. ताईचं म्हणणं, दोन पानं नीट एकावर एक ठेवली तर तो येतो. बाहेरून विजेचा दाब दिला की एक पान दुसऱ्यावर अणूच्या रुंदीहूनही कमी सरकतं आणि कल उलटतो. ‘कूस बदलतात,’ ती म्हणायची, ‘आणि दाब काढला तरी त्याच कुशीवर पडून राहतात.’

आमची पानं मात्र ढिम्म. यंत्राचा पडदा करडाच्या करडा.

बुधवारी ताई माझ्या खांद्यावरून बघत होती. मी पान मधोमध फाडलं, एक तुकडा यंत्राच्या दांड्यानं उचलला आणि दुसऱ्याखालची ताटली फिरवली.

“थांब. ताटली का फिरवलीस?”

“नेहमीच फिरवते. दांडा डावीकडे आहे ना, हात पोचत नाही. अर्धी फिरवून उलटसुलट ठेवायचं, तूच शिकवलंस.”

ताईनं कपाळाला हात लावला. “अगं, लहानपणी आपण एका खाटेवर कशा झोपायचो?”

“तुझे पाय माझ्या नाकाशी.”

“का?”

“खांदे मावायचे नाहीत म्हणून. आणि तुझ्या लाथा—”

“लाथा राहू दे! स्फटिकात पानं तशीच निजतात, डोक्याशी पाय. तशा जोडीत वर-खाली सगळं सारखंच, म्हणून कल शून्य. आपण ती सोलून वेगळी करतो आणि ताटली फिरवून पुन्हा होती तशीच निजवतो. दोघींची डोकी एकीकडे हवीत.”

“म्हणजे एवढे महिने पालथ्या घड्यावर पाणी?”

“पालथ्या नाही, उलटसुलट,” म्हणाली, आणि हसत सुटली. मग मलाही आवरेना.

शुक्रवारी काका आले तेव्हा यंत्राची बारीक सुई नव्या जोडीवरून फिरत होती. पडद्यावर त्रिकोण उमटले, फिके आणि गडद, कोपऱ्याला कोपरा लावून.

“हे डाग कसले?”

“डाग नाहीत, सर. फिकं तिथे कल वर, गडद तिथे खाली.”

ताईनं दाब दिला. फिके त्रिकोण फुगले, गडद आकसून दोऱ्याएवढे झाले. मग तिनं वीज बंद केली, तारासुद्धा काढल्या. “चला, चहा घेऊन येऊ.”

चहा तिनं दोन घोटांत संपवला. परत येऊन सुई फिरवली. चित्र तसंच. केसभरही हललं नव्हतं. उलटा दाब दिला, आता गडद फुगले. पुन्हा तारा काढल्या. तेही तसंच राहिलं.

“एकट्या पानात हे नाही?” काकांनी हळूच विचारलं.

“अजिबात नाही. शेजार मिळाला की येतं.”

“मग हे असतं कुठे?”

ताईनं नुसतं पडद्याकडे बोट केलं. काका पडद्याशी इतके वाकले की श्वासानं काच धुरकटली. ती त्यांनी बाहीनं पुसली.

“पुन्हा करा बाई.”

केलं.

“पुन्हा.”

खोली आमच्याकडे राहिली हे सोमवारी शिपायाकडून कळलं. शुक्रवारी दुपारी विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आम्ही तिघं म्हातारे, खुर्च्या असून उभेच होतो, आणि समोर जाडी म्हणावी तर नसलेली दोन पानं कुणी न धरता एका कुशीवर निजली होती.