भाऊ पाहून राह्यले

आमच्या कंपनीचे मालक हेमराजभाऊ सर्व्हर निवडत होते. म्हणजे माहिती मी काढायची आणि अक्कल त्यांनी पाजळायची.

चंद्रपूरचं ऑफिस बंद करून आम्ही आठ जण घरून काम करणार होतो. मुंबईत भाड्याने एकच सर्व्हर घ्यायचा, त्यात प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं काम बिघडणार नाही. आठही कप्पे एकदम चालायला मेमरी भरपूर लागते, हे मी तीनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी! भाऊंचा जीव जडला होता सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर, आणि त्या सर्व्हरची मेमरी आम्हाला हवी त्याच्या पाव होती. हा माणूस ट्रॅक्टरही हॉर्न वाजवून पसंत करत असेल.

तिकडे चिमूरला आमच्या आठांतल्या दिव्यानीचा जीव टांगणीला लागला होता. तिची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कुणी नाही. घरून काम जमलं तरच तिची नोकरी टिकणार होती. म्हणून भांडून मी त्या सर्व्हरची एक दिवसाची चाचणी मिळवली. अकरा वाजता आठही जणांनी एकदम कामाला लागायचं.

अकराला भाऊ स्वतः बसले. लगेच प्रवीणचा ग्रुपवर निरोप, "भाऊ पाहून राह्यले. बाकीचे सर्व्हरमधून बाहेर निघा." भाऊ आले की जागा सोडायची, ही आमच्याकडची जुनी खोड. पदवीधर मेंढरं पटापट बाहेर! रिकाम्या सर्व्हरवर भाऊंचा कप्पा सुसाट पळाला.

"पाह्य रंजीता, उगाच भेव दाखवून राह्यली होती तू," असं म्हणून भाऊंनी वर्षभराचा करार केला.

सोमवारी आठही जण बसलो. तिसरा आला तशी गती मंदावली, पाचव्याला सगळं गोठलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या. सगळे ऑफिसातच या."

दिव्यानीने राजीनामा दिला. तिचा फोन आला तेव्हा मी भाऊंना आणि त्या हुजऱ्या प्रवीणला मनसोक्त शिव्या घातल्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी नाई निघाली होती त्या दिवशी," ती म्हणाली. "सगळे राह्यले असते त भाऊले तवाच दिसलं असतं. तुले त सगळं समजत होतं. तू काऊन निघाली?"

मला लाज वाटली. भाऊ पाहत होते म्हणून निघाले. दुसरं काही कारण नव्हतं.