कागदाची मागची बाजू

सत्यभामा काजळी शेळीची धार काढत होती. तिचा नवरा गहिनीनाथ तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं कागद पुढं धरला.

"सही कर. गावात तुझी एकटीचीच राहिलीय."

गेली काही वर्षं पावसाचा नेम राहिला नव्हता. म्हणून पाटोद्याच्या साहेबांनी पाणलोटाची योजना आणली होती. डोंगरावर चर खोदायचे, झाडं लावायची, आणि पाच वर्षं तिथं जनावर चारायचं नाही. एक घर जरी अडलं, तरी योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

सत्यभामेनं हात पुसून कागद उलटा केला. मागं गहिनीनाथनं दोन रकाने आखले होते. नुकसानीत शेळ्या चार, दूध. फायद्यात विहिरीला पाणी, दोन एकर गहू.

"यात छबुबाई कुठं हाय?"

शेजारच्या छबुबाईला ना जमीन, ना विहीर. दोन शेळ्यांवर तिचं चालायचं.

"तिनं अंगठा दिलाय की."

"तुमी मागितला म्हणून दिला. पाणी आपल्या हिरीत, अन् नुकसान तिच्या दावणीला?"

"तुला साक्षरतेच्या वर्गाला नेलं, तितंच चुकलं."

"वर्गात माझ्याच पाटीवरचं बघून लिवत व्हता तुमी."

गहिनीनाथनं धोतराचा सोगा शेळीच्या तोंडातून सोडवला आणि कागद खिशात घातला.

संध्याकाळी चावडीवर त्यानं एक ओळ वाढवायला लावली. डोंगरावरचं गवत कापून आणायचं, आणि पहिली कापणी भूमिहीनांची. दोघं-तिघं बागायतदार कुरकुरले, तेव्हा त्यानं स्वतःच्या वाटणीचं गवतही छबुबाईला देऊन टाकलं.

मग नव्या कागदावर सत्यभामेनंही सही केली. एकेक अक्षर जोडत, सावकाश.

आता घरच्या शेळ्यांना चारा उरला नव्हता. चारही शेळ्या तलवाड्याला, सत्यभामेच्या बहिणीकडं गेल्या. गहिनीनाथला दुधाच्या चहाशिवाय सकाळ सुचत नसे. उन्हाळाभर तो कोरा चहा प्याला. एकदाच म्हणाला, "रंग बरा आलाय."

भादव्यात छबुबाई गवताचा भारा घेऊन डोंगर उतरली. दावणीला बांधलेली तिची शेळी पंधरा दिवसांपूर्वी व्यायली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईनं सत्यभामेच्या उंबऱ्यावर दुधाचा लहानसा तांब्या ठेवला आणि ती डोंगराकडं वळली.

सत्यभामेनं चहा पुढ्यात आणला. गहिनीनाथनं रंग पाहिला. खिशातला घड्या पडलेला जुना कागद काढून मांडीवर उलगडला.

"हे कुठल्या रकान्यात लिवायचं?"

"आधी प्या," ती म्हणाली. "गार व्हायलाय."