वाणात वाटलेली कादंबरी

नरहरीरावांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगत फिरत होते, तेही छाती पुढे काढून. "नाली घाण हाये हे समजाले तिच्यात उतरा लागते काय?" असं म्हणायचे आणि समोरच्याकडे असे पाहायचे, जणू आता यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. मंडळाचे सचिव ना ते! रेल्वेतून रिटायर झाल्यापासून रायपूरच्या मराठी मंडळाचा कारभार त्यांच्याच डोक्यावर होता, आणि डोकं होतंही तसंच, एकदा बंद झालं की झालं.

पुस्तक तरी काय, लहान मुलांची कादंबरी. नाव 'काजवेगडची शाळा'. एका पडक्या गडावर एक म्हातारी चार पोरांना जादू शिकवते, पोरं मंत्र चुकवतात, मार खातात, पुन्हा शिकतात, एवढीच गोष्ट. मंडळाच्या वाचनालयात ती आली तेव्हा कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते सुशीलाबाईंनी. सुशीलाबाई म्हणजे नरहरीरावांच्या मंडळी. अमरावतीहून लग्न होऊन आल्या तेव्हा रायपूर मध्यप्रदेशात होतं. आता ते नव्या राज्याची राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली, रस्ते रुंद झाले, साहेब लोक आले, पण बाईंची जागा स्वयंपाकघर ते देवघर एवढीच राहिली.

या पुस्तकानं मात्र गंमत केली. दर शनिवारी दुपारी सुशीलाबाई वाचनालयात सतरंजी टाकून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. आधी दोन पोरं आली, मग सहा, मग सतरंजी पुरेना. आणि सगळ्यांत पुढे बसायची ओवी, त्यांची नात. ही पोट्टी जन्मापासून आजीचं मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची. "ओवी, जेवाले ये व" म्हटलं की "आ रही हूँ ना, आजी!" सुशीलाबाईंना ते इतकं लागायचं, की कोणाला सांगितलंही नव्हतं त्यांनी. आपलीच नात आपल्याला पाहुण्यासारखी उत्तर देते, हे सांगायचं तरी कोणाला? पण काजवेगडावर पोरं मराठीत भांडत होती, मराठीत मंत्र म्हणत होती. तिसऱ्या शनिवारी घरी येताना ओवी म्हणाली, "आजी, त्या म्हातारीनं खोटं काहून सांगितलं?" सुशीलाबाई रस्त्यात थांबल्या. मागून ऑटोवाला ओरडला तरी हलल्या नाहीत.

एवढं सगळं चाललं होतं आणि मधात शरच्चंद्र साहेब आले.

शरच्चंद्र पुण्याचे, नव्या राजधानीत कुठल्याशा कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मुलगी क्षमाही शनिवारी यायची. तिनं काय करावं? वर्गातल्या एका पोराच्या डब्याला काळा दोरा बांधला आणि काजवेगडचा मंत्र पुटपुटली. पोरगं नेमकं दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलं. शाळेतून बोलावणं आलं आणि वर्गाच्या बाईंनी साहेबांना तोंडावर विचारलं, "घर में जादू-टोना सिखाते हैं क्या?" साहेबांचं तोंड हे एवढंसं झालं. ते तडक नरहरीरावांकडे आले.

"ही कादंबरी मुलांच्या हाती देणं बेजबाबदारपणाचं आहे, काका," ते म्हणाले.

नरहरीरावांना तेवढंच पाहिजे होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. "इथं गावोगावी बायायले टोनही, म्हणजे चेटकीण, म्हणून मारून राहिले," ते रात्री जेवताना म्हणाले. "आत्ता तं सरकारनं कायदा केला त्याच्यावर. आणि आपण पोट्ट्यायले चेटूक शिकवून राहिलो? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही वाचा तं एकदा," सुशीलाबाई म्हणाल्या. "म्हातारीलेच लोक टोनही म्हणतात त्याच्यात. आणि पोट्टे—"

"मले सांगू नको. पुस्तक काढून टाकाचा ठराव टाईप झाला हाये."

झालं! ठराव टाईप झाला म्हणजे ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. रथसप्तमीनंतरच्या रविवारी सभा ठरली, तोवर पुस्तक कपाटात कुलूपबंद, शनिवारची सतरंजी गुंडाळलेली. सभेत सभासदाच्या एका कार्डामागे एक मत, आणि कार्डं एखाददुसरं सोडून सगळी पुरुषांच्या नावावर. वाचायचं बायकापोरांनी, आणि मत द्यायचं ज्यांनी चष्मा फक्त पेपरासाठी लावला त्यांनी! याला काय म्हणावं?

पहिल्याच बिनवाचनाच्या शनिवारी ओवी टीव्हीसमोर बसली होती. सुशीलाबाईंनी विचारलं, "चहा घेशील काय व?" ओवीनं मान न वळवता सांगितलं, "नहीं चाहिए."

सुशीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. रडू आलं नाही, राग आला. असा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. सासूनं बोललं तेव्हा नाही, नवऱ्यानं चारचौघांत गप्प बसवलं तेव्हा नाही. "नाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आता नाई चालणार हे."

त्यांनी नागपूरच्या भावाला फोन लावून त्याच पुस्तकाची एक प्रत मागवली. समता कॉलोनीत एक बाइंडिंगवाला होता. त्याच्याकडून पुस्तक उसवून घेतलं, चौदा प्रकरणं वेगळी शिवून घेतली, प्रत्येकाला जाड पुठ्ठा, वर हिरवा कागद. गठ्ठा तयार झाला तेव्हा दुकानावरून स्कूटरवर घरी कोणी आणला? नरहरीरावांनी! "हळदीकुंकवाचं वाण हाये, सांभाळून आणा," एवढंच बाईंनी सांगितलं होतं. बायकांच्या वाणात पुरुषानं डोकावायचं नसतं, म्हणून त्यांनी सुतळीसुद्धा सोडली नाही. वर दुकानदाराला म्हणाले, "भैया, अच्छे से बांधो, लेडीज का सामान है." अहो, काय सांगावं!

हळदीकुंकवाच्या दिवशी नरहरीराव रिवाजाप्रमाणे घराबाहेर गेले. बायका आल्या, तिळगूळ झाला, अत्तर लागलं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर चहाच्या गाळण्या मिळायच्या. या वर्षी प्रत्येकीच्या ओटीत एकेक हिरवं चोपडं पडलं.

"अव माय, हे काय व?" घरासमोर राहणारी ज्योती म्हणाली. "हे तं मधातलंच पान हाये. आधीचं कुठं हाये?"

"दुसरीच्या घरी," सुशीलाबाई म्हणाल्या. "वाचायचं असंन तं जा तिच्याकडे. चहा पाजंन ते."

पद्मिनी, शरच्चंद्र साहेबांची बायको, आपलं चोपडं हातात धरून उभी होती. शेवटचं प्रकरण तिच्या वाट्याला आलं होतं. घरी काय वादळ आहे ते तिलाच ठाऊक. एक क्षण वाटलं, परत देते की काय. पण वाण कधी कोणी परत दिलं आहे? तिनं पदराखाली धरलं आणि निघाली.

सगळ्यांत शेवटी आल्या मंदाकिनीबाई. वाचनालयाची किल्ली यांच्याकडे असायची. नवरा गेल्यापासून त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, आणि त्याही कोणाच्या दारात त्या दिवसांत फिरकत नव्हत्या. नवरा गेला त्या वर्षी पाऱ्यातल्या, म्हणजे आळीतल्या, बायका टोनही दिसल्यासारख्या त्यांना पाहून पोरं घरात ओढून घ्यायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या विसरल्यासारखं करायच्या. सुशीलाबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, सगळ्यांसमोर कुंकू लावलं आणि नववं प्रकरण ओटीत घातलं. एक-दोघींच्या भुवया वर गेल्या.

"कोणाले काही म्हणायचं असंन तं आत्ता म्हणा," सुशीलाबाई म्हणाल्या. भुवया खाली आल्या. मंदाकिनीबाईंचे डोळे भरले होते, त्या तिथंच चोपडं उघडून पाहू लागल्या.

पुढचे काही दिवस पाऱ्यात जी धावपळ झाली ती काय विचारता! दुपारी ही तिच्याकडे, ती हिच्याकडे. कोणी सातवं आधी वाचलं, कोणी अकरावं. पोरं तर घरोघर फिरत होती, आणि चोपडं घरातच वाचायचं, बाहेर न्यायचं नाही, असा बायकांनी आपणहून नेम केला होता.

रविवारी सभेला हॉल भरला. नरहरीरावांना वाटलं, आपल्या ठरावाला काय जोर आला आहे! ते उठले, घसा साफ केला आणि टोनहीपासून सुरुवात करून लोक काय म्हणतील इथपर्यंत सगळं सांगितलं. मग प्रथेप्रमाणे विचारलं, "पुस्तकावर कोणाले मत मांडायचं हाये काय?" हे ते दर सभेत विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे.

"मले," ज्योती उठली. "माझ्याकडचा पोट्टा विहिरीत लटकून हाये. दोर तुटाले आला, आणि खतम! पुढचं कोणाकडे हाये? मी पाच-सहा घरं फिरून आली."

"माझ्याकडे हाये, ये उद्या," मागून कोणी तरी म्हणालं.

"वाचला काय तो?"

"नाई सांगत. ये तं खरं."

हॉल हसला. एक म्हातारी उठून म्हणाली, तिच्या प्रकरणात नुसता अभ्यासच अभ्यास आहे, म्हातारी गुरू पोरांना दहादा एकच मंत्र म्हणायला लावते, आणि असे मास्तर आता उरले नाहीत. दुसरीला तिचं प्रकरण मुळीच आवडलं नव्हतं. "फालतू हाये," ती म्हणाली, "चार पानं नुसतं धुकं. पण म्हणून काय कपाटातून काढून फेकाचं काय?"

शरच्चंद्र साहेबांना हे सहन होईना. "माफ करा, पण यातून माझ्या मुलीनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे."

"शेवटचं प्रकरण वाचलंत?" शेजारून उठत पद्मिनीनं विचारलं.

साहेब वळले. "तू वाचलंस?"

"वाण होतं. रागानं म्हटलेला मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटतो, असं आहे त्यात. क्षमाला वाचून दाखवलं. ती त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागून आली. तुम्ही दौऱ्यावर होतात." एवढं बोलून ती खाली बसली.

मग मंदाकिनीबाई उठल्या. त्या बोलल्या नाहीत, घरातच वाचायचा नेम मोडून आणलेलं आपलं नववं प्रकरण त्यांनी वाचलं. गावकरी काठ्या घेऊन गडावर येतात, म्हातारीला टोनही म्हणतात, फरफटत न्यायला पाहतात. चारही पोरं मंत्र म्हणतात आणि भीतीनं एकही मंत्र चालत नाही. तेव्हा ती पोरं म्हातारीच्या दारात जाऊन बसतात. नुसती बसतात, हातात हात घालून, आणि उठत नाहीत. मधेच मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग नरहरीरावांकडे पाहून म्हणाल्या, "माझ्या दारात असं कोणी बसलं नव्हतं, भाऊजी. बसलं असतं तं बरं झालं असतं."

नरहरीरावांनी ठरावाच्या कागदाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. त्यांना काहीच वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. कान लाल झाले होते. पण सचिवपणा असा सहज सुटतो काय! "भावना ठीक हाये," ते म्हणाले, "पण नियमानं चालू. ठरावाच्या बाजूनं कार्डधारकायनं हात वर करा."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाला नरहरीरावांची भीड, कोणाला साहेबांची. एकेक करून हात वर गेले, काही पुरे, काही खांद्यापर्यंतच. साहेबांचा हात मात्र मांडीवरच राहिला. विरुद्ध विचारलं तेव्हा मंदाकिनीबाईंचा हात ताठ वर गेला, नवरा गेल्यापासून कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. आणि सुशीलाबाईंचा गेला.

"तुझं कार्ड नाई," नरहरीराव हळूच म्हणाले.

"माहीत हाये. मोजू नका. पण खाली नाई घेणार."

ठराव पास झाला. पुस्तक वाचनालयातून काढून टाकायचं ठरलं. नरहरीराव सही करायला वाकले, तेव्हा सुशीलाबाई उठल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"काढा कपाटातून. खुशाल काढा. पण चौदा घरातून कसं काढता ते मले पाह्याचं हाये. वाण दिलं हाये मी, ते कोणी परत मागत नाई आणि कोणी परत देत नाई. येत्या शनिवारपासून एकेका घरी वाचन. पहिलं प्रकरण माझ्या घरी हाये. चार वाजता या, पोट्टे घेऊन या."

"ते घर माझंही हाये," नरहरीराव म्हणाले. आवाजात राग होता, पण पूर्वीसारखा नव्हता.

सुशीलाबाई काही म्हणणार तोच दारातल्या पोरांमधून ओवी पुढे आली. मुलांनी सभेत बोलायचं नाही, असा मंडळाचा नियम होता.

"मग तुम्ही पण बसा ना, आबा," ओवी म्हणाली, स्वच्छ मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "पण मधात बोलायचं नाई. आजी वाचून राहिली असते."