वाफवलेले स्क्रू

वाकडे दात ओढणाऱ्या तारेला आधार लागतो, म्हणून जबड्याच्या हाडात बसवतात तो स्क्रू केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्याने बारकीच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. दातांच्या कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष. प्रबंधावर मार्गदर्शक सरांची सही झाली तर पदवी, नाहीतर पुन्हा सहा महिने हेच.

आणि सरांचं ब्रह्मवाक्य असं, की निर्जंतुक करायच्या वाफेने स्क्रू कमजोर होतो. "स्क्रू म्हणजे बटाटा नव्हे, वाफवायला," असं ते दरवर्षी शिकवत आणि वर्ग दरवर्षी हसे. बारकीने प्रबंधासाठी काही स्क्रू वाफेच्या यंत्रात घातले, काही कोरड्या उष्णतेत, काही तसेच ठेवले. मग एकेक मशीनवर पिळून तोडला. सगळे सारख्याच जोराला तुटले. आता आली का पंचाईत!

"पुन्हा वाफव," सर म्हणाले. तिने वाफवले. फरक नाही. "अजून वाफव." वाफवून वाफवून यंत्राच्या दाराचं रबर गेलं, स्क्रू मात्र ठणठणीत.

"अगं, सरांच्या हो ला हो म्हण आणि मोकळी हो," मावशी म्हणाली. बारकी तिच्याकडेच राहायची.

"आकडे कसे बदलू, मावशी?"

"मग बस वाफवत."

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच बाह्या सरसावून आले. सगळ्यात जास्त वाफवलेला स्क्रू त्यांनी नकली हाडात बसवला. "मशीन कशाला हवं? हा बघ, हाताने तोडतो." पिळला. आणखी जोर लावून पिळला. कट्कन आवाज झाला. सर ऐटीत वळले आणि लगेच पांढरेफटक पडले, कारण आवाज मनगटातून आला होता.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून आल्यावर त्यांनी प्रबंध मागवला आणि डाव्या हाताने सही केली. शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी ती सही. बारकीला इतका आनंद झाला की रडूच आलं.

सकाळी कार्यालयातल्या कारकुनाने कागद चष्म्याजवळ नेला. "ही सरांची सही नाही. खोटी करून आणलीस?" रांगेतले सगळे वळून बघू लागले. बारकी तशीच सरांकडे धावली.

सर आले, हात गळ्यात अडकवलेला. "सही माझीच आहे."

"मग अशी कशी? काय झालं हाताला?"

सरांनी रांगेकडे पाहिलं. निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते. त्यांनी घसा खाकरला.

"वाफेने स्क्रू कमजोर होतो, असं इतकी वर्षं शिकवत आलो," ते म्हणाले. "होत नाही. ते पटायला हात मोडावा लागला."

कारकुनाने शिक्का मारला.